दुसरं आणि चौथं रीळ

पॅरिसच्या सिनेमाधंद्यात एव्हारिस्त पोमरेल हा जिन्यावरच्या भांडणांचा माणूस म्हणून ओळखला जायचा. चौदा वर्षं तो दुसऱ्यांसाठी पटकथा लिहीत होता. कुणाच्या चित्रपटात नवरा-बायकोचं, सासू-जावयाचं किंवा भाडेकरू-घरमालकिणीचं भांडण अडलं आणि ते जिन्यावर घडायचं असलं, की पोमरेलला बोलावणं जायचं. तीन पायऱ्या वर उभा असलेला माणूस काय बोलेल आणि खालचा मान वर करून त्याला काय ऐकवेल, हे त्याच्याइतकं कुणाला साधत नसे. सपाट जमिनीवरची भांडणं इतरांकडे जायची. एकदा त्याने हौसेने स्वयंपाकघरातलं भांडण लिहून नेलं, तर निर्मात्याने ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "झकास आहे. पण जिना कुठाय?"

मूळचा तो शारांत नदीकाठच्या प्युईमार्तो गावचा. वडील तिथल्या कागदाच्या गिरणीत मुकादम होते. ते वारले तेव्हा पोमरेल पॅरिसमध्ये एका विनोदी चित्रपटासाठी चार मजली जिना लिहीत बसला होता. तार मिळाली, पण निर्मात्याला तिसरा मजला सकाळपर्यंत हवा होता. तो पूर्ण करून पोमरेल गाडीत बसला आणि गावी पोचला तेव्हा लोक दफनभूमीवरून परतत होते. आईने फक्त त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्या ताटाचं त्याला पुढे कित्येक वर्षं अजीर्ण झालं.

म्हणून पोमरेलच्या अडतिसाव्या वर्षी, एकोणीसशे चोपन्न साली, राबास्तांस नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने सिनेमात हात घालायचं ठरवलं आणि पोमरेलला दिग्दर्शनाची संधी दिली, तेव्हा त्याने एकही जिना नसलेली गोष्ट लिहिली. चित्रपटाचं नाव 'ओला कागद'. गिरणीचा म्हातारा मालक, त्याची एकुलती एक मुलगी, तिचा साखरपुडा, मग जावयावरून बापलेकीत सूप पिता पिता उडालेला खटका, मग म्हाताऱ्याचं नदीत बुडणं आणि अंत्ययात्रा, आणि शेवटी काळ्या कपड्यांतली मुलगी एकटी गिरणी चालू करते. एवढंच. अंत्ययात्रा मात्र त्याने अकरा मिनिटांची घेतली होती. सगळं गाव चालताना दिसतं, कुणी बोलत नाही. राबास्तांस म्हणाला, "अकरा मिनिटं लोक नुसते चालणार? कुठे पोचतात तरी का?" पोमरेल म्हणाला, "दफनभूमीवर." त्या अकरा मिनिटांतलं एकही त्याने कापू दिलं नाही.

चित्रीकरणाला गिरणी वापरू दिली म्हणून पहिला खेळ प्युईमार्तोच्याच 'एतुआल' चित्रपटगृहात लावायचं ठरलं होतं. रविवारची दुपार. चर्चमधून सुटलेलं सगळं गाव थेट येऊन बसलं. पॅरिसहून देलव्हँकूर नावाचा समीक्षक आला होता. ह्या माणसाने सहा वर्षांत एकाही चित्रपटाबद्दल बरा शब्द लिहिला नव्हता, आणि तो आला होता तेही राबास्तांसने कोन्याक ब्रँडीची एक पेटी कबूल केली म्हणून.

पहिलं रीळ संपलं. दुसऱ्यात साखरपुडा यायचा होता. पडद्यावर आलं ते नदीतून काढलेलं म्हाताऱ्याचं प्रेत.

प्रेत निघालं, अंत्ययात्रा निघाली, अकरा मिनिटं गाव चाललं, माती पडली. मग तिसरं रीळ सुरू झालं आणि म्हातारा टेबलाशी बसून सूप पिऊ लागला.

शेजारी बसलेल्या आईने त्याला कोपराने ढोसलं. "एव्हारिस्त, ह्याला आत्ताच पुरला ना?"

"हो, आई."

"मग सूप कोण पितंय?"

पोमरेल उठायला गेला, तर दुसऱ्या बाजूने राबास्तांसने त्याचं मनगट धरलं. "हलू नकोस," तो कुजबुजला. "देलव्हँकूर लिहितोय."

खरंच तो लिहीत होता. थिएटरात कुणी जागचं हलत नव्हतं. पुरलेला बाप सुपातलं कमी मीठ आणि होणारा जावई ह्यांवरून मुलीवर डाफरत होता आणि मुलगी त्याला उलटून बोलत होती. चौथ्या रिळात त्याच मेलेल्या बापाने साखरपुड्यात नाच केला, मुलीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मागच्या रांगेतल्या पावाच्या दुकानवाल्या बाईला हुंदका आवरेना. पाचव्यात मुलीने एकटीने गिरणी चालू केली आणि दिवे लागले. देलव्हँकूर खुर्च्या ओलांडत आला आणि त्याने पोमरेलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या मिशा ओल्या होत्या.

"माणसं मरतात आणि जेवायला परत येतात," तो म्हणाला. "हे इतकं साधं होतं, आणि आजवर कुणाला सुचलं नव्हतं."

पोमरेल सुटका करून घेऊन मशीनच्या खोलीत धावला. तिथे ऑपरेटरबाई, मादाम फेर्नांद त्रिक्वार, डोक्यावर टॉवेल आणि समोर गरम पाण्याचं पातेलं अशी बसली होती. एकोणचाळीस वर्षांची, रेल्वे फाटकावरच्या गेटमनची विधवा, तेरा वर्षं एतुआलची मशीन चालवत आलेली. सर्दीने नाक लाल झालं होतं, आणि नुसती सर्दी नव्हती, ती रडतही होती.

"डबे शेगडीजवळ ठेवले होते," ती म्हणाली. "डिंक सुटला, वरच्या नंबराच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. आत फितीच्या टोकावर लिहिलेला आकडा वाचून परत चिकटवल्या. तुमच्या लॅबमधल्या कारकुनाचा दोन आणि चार एकसारखा आहे, मस्यू पोमरेल. पण नाक माझं गळत होतं आणि चष्म्यावर वाफ माझ्या पातेल्याची होती. चूक माझी. तेरा वर्षांत पहिली."

"मादाम, ह्याबद्दल कुणाशी बोलू नका."

"का?"

"लोकांना आवडलंय."

तिने टॉवेल बाजूला केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चोरीचा माल घरात ठेवून घ्या म्हणणाऱ्याकडे कुणी पाहावं. "मी उद्याच वर्तमानपत्राला लिहिणार आहे," ती म्हणाली.

आणि तिने लिहिलं. पॅरिसच्या ज्या भारदस्त दैनिकात देलव्हँकूरचा दोन रकान्यांचा लेख आला होता, त्याच दैनिकाने आठ दिवसांनी तिचं पत्र छापलं: सर्दी, डिंक, शेगडी, कारकुनाचं अक्षर, सगळं. खाली देलव्हँकूरची टीप होती की, पोमरेलने निर्माण केलेलं सर्वांत हृद्य पात्र पडद्यावर नाहीच, ते मशीनच्या खोलीत आहे, आणि ह्या काल्पनिक बाईच्या सर्दीने आपण थरारून गेलो.

मग लोक तिला पाहायला येऊ लागले. तुलूझहून आलेल्या एका प्राध्यापकाने तिची सही मागितली. तिने कागदावर लिहून दिलं, "चूक माझीच आहे. फे. त्रिक्वार." त्याने ते काचेच्या चौकटीत लावलं. चार विद्यापीठांत पोमरेलवर भाषणं झाली. 'ओला कागद'च्या पुढच्या सगळ्या प्रती चौथं रीळ दुसऱ्या जागी घालून निघाल्या, सरकारी नोंदणीही तशीच झाली. मुलाखतीत विचारलं की पोमरेल म्हणायचा, "ते आपोआप घडत गेलं." हे खरंच होतं, त्यामुळे त्याला खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. फक्त गावी गेला की आई ताट वाढताना म्हणायची, "बापाला पुरून परत नाचायला लावलंस. नाव कमावलंस बाबा." टोमणा होता की कौतुक, हे ती गेली तरी त्याला कळलं नाही.

पंचाईत दुसऱ्या चित्रपटाची झाली. पोमरेलने तो मुद्दाम उलटसुलट लिहिला: आधी बारसं, मग लग्न, मग ओळख. पॅरिसमध्ये मोजक्या लोकांना आधी दाखवून पाहिला तर ते जांभया देऊ लागले. देलव्हँकूर म्हणाला, "ह्यात हिशेब दिसतो. पहिल्यात निष्पापपणा होता." राबास्तांसने पोमरेलला बाजूला घेतलं.

"पहिल्या वेळी काय केलं होतंस?"

पोमरेलने एकदाचं खरं सांगून टाकलं. राबास्तांस हसला नाही की चिडला नाही. तो लोकरीचा व्यापारी होता. मेंढी कोणती हे कळल्यावर लोकर कुठून येते ह्याचं त्याला नवल वाटत नसे. "मग त्या बाईकडे जा," तो म्हणाला. "पहिला खेळ तिच्याकडे लाव. काय व्हायचं ते होऊ दे."

पोमरेल गेला. मादाम त्रिक्वारने त्याला लसूण घातलेल्या गोगलगायी आणि पांढरे घेवडे वाढले, पिनो नावाच्या गोड वाइनचा पेला भरला आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी रिळं चुकीची लावायची."

"तुम्हाला वाटेल तशी लावायची."

"मला बरोबर लावावीशी वाटतात."

"एकदा चुकलात ना, मादाम."

"म्हणून तर. चूक ही करायची गोष्ट नाही, मस्यू पोमरेल, ती होते. मुद्दाम केली तर ती लबाडी. माझ्या नवऱ्याने एकतीस वर्षं फाटक सांभाळलं. त्याने मुद्दाम फाटक उघडं ठेवलेलं तुम्हाला चाललं असतं?"

पोमरेलने घेवडे संपवले. पण माणूस गरजेपोटी काय काय करतो. बाई मुद्दाम चुकणार नसेल, तर तिच्या हातून नकळत चूक होईल अशी व्यवस्था केली पाहिजे, असं त्याने ठरवलं, आणि पुढची वीस वर्षं तो चित्रपट कमी आणि ही व्यवस्थाच जास्त करत राहिला.

दुसऱ्या चित्रपटाच्या डब्यांवर त्याने चिठ्ठ्याच लावल्या नाहीत. तिने एकेक रीळ दिव्यासमोर धरून नायिकेच्या पोटावरून महिने मोजले आणि क्रम लावला. बारसं शेवटी गेलं. गोष्ट नीट कळली आणि चित्रपट पडला. तिसऱ्याच्या वेळी तो जानेवारीत आला आणि हवा कोंदट आहे म्हणत मशीनच्या खोलीची खिडकी सकाळभर उघडी ठेवून बसला. ती दोन स्वेटर घालून आली. न्यूमोनिया झाला तो पोमरेलला. तीन आठवडे तो तिच्याच माडीवर पडून होता. ती त्याला रस्सा पाजायची आणि म्हणायची, "एवढ्या थंडीत खिडकी उघडी? तुम्ही शिकलेली माणसं अशी कशी?" चौथ्या वेळी त्याने तोच लॅबमधला कारकून शोधून काढला. तोवर त्या कारकुनाने सुलेखनाचा वर्ग लावून अक्षर सुधारलं होतं. पाचव्या वेळी तर पोमरेलने स्वतःच्या हाताने आकडे चुकीचे घातले. दुपारी तिचा फोन आला.

"तुमच्या लॅबने मोठा घोळ घातलाय," ती म्हणाली. "पण काळजी करू नका. मी दोनदा पाहून सगळं सरळ लावून घेतलंय."

"उपकार झाले, मादाम," पोमरेल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एकूण सहा चित्रपट सरळ लागले आणि सरळ पडले. दर वेळी देलव्हँकूर लिहायचा की पोमरेल आपल्याच प्रतिभेला घाबरतो. राबास्तांस लोकरीकडे परतला. पोमरेल पुन्हा जिने लिहू लागला; आता तर बहुतेक इमारतींत लिफ्ट आल्या होत्या, त्यामुळे तेही काम तुटपुंजं. प्युईमार्तोला मात्र तो कामाशिवायही जाऊ लागला होता. मादाम त्रिक्वार सुट्टीच्या दिवशी त्याला जेवायला बोलवायची, आणि तिथे दोघं कशावरही बोलत, चित्रपट सोडून.

एकोणीसशे एकोणऐंशी साली 'ओला कागद'ला पंचवीस वर्षं झाली. तोवर एतुआल नगरपालिकेने चालवायला घेतलं होतं आणि नगराध्यक्षांनी सोहळा ठरवला: रविवारची दुपार, बँड, पॅरिसचे पाहुणे. योगायोगाने मादाम त्रिक्वारच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. सोहळ्याच्या सकाळी तिने पोमरेलला मशीनच्या खोलीत बोलावलं. टेबलावर पाच जुने गंजलेले डबे होते.

"ही पहिली प्रत. त्या वेळी लॅबला परत केली नव्हती," ती म्हणाली. "आज हीच लावणार. एक, दोन, तीन, चार, पाच. तुम्हाला सांगून करते आहे. नको असेल तर आत्ताच सांगा, मी घरी जाते, मशीन दुसरं कुणी चालवेल."

पोमरेलच्या मनात आलं की नको म्हणावं. खाली हॉलमध्ये त्याच्या नावाचा फलक लागला होता. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, एवढं एक चुकीचं रीळ होतं.

"लावा," तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. साखरपुडा झाला, बाप नाचला. सुपावरून खटका उडाला. मग नदी आली. म्हातारा बुडाला आणि गाव चालू लागलं. पंचवीस वर्षांत पोमरेलने ही अंत्ययात्रा शंभरदा पाहिली होती, पण दर वेळी मनात यायचं की हा आता उठून सूप मागणार आहे. आज पुढे सूप नव्हतं. लोक चालत होते, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला पोमरेलच्या लक्षात आलं की आपणही पायांनी ठेका धरून त्यांच्याबरोबर चालतो आहोत. माती पडली तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली. मागच्या माणसाला बरं वाटलं, कारण त्याला पडदा दिसत नव्हता.

बाकी थिएटरात चुळबूळ सुरू झाली होती. म्हातारा मेला तो मेलाच, परत येईना, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकजण मोठ्याने म्हणाला, "अहो, बापाचं काय झालं?" पाचव्या रिळापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. दिवे लागले आणि घामाघूम नगराध्यक्ष मंचावर चढले.

"रसिकहो, आम्ही दिलगीर आहोत," ते म्हणाले. "ऑपरेटरच्या हातून रिळांचा क्रम चुकला. ह्या महान कलाकृतीचा असा अपमान..."

पोमरेल उठून उभा राहिला. "क्रम बरोबर होता," तो म्हणाला. "आजवर चुकीचा होता. गोष्ट मी अशीच लिहिली होती. त्या बाईंनी पंचवीस वर्षांपूर्वीच वर्तमानपत्रात सांगितलं होतं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं."

मग पहिल्या रांगेत ऐंशीच्या घरातला, कानाला यंत्र लावलेला देलव्हँकूर हसू लागला. त्याच्या मागोमाग सगळे हसले आणि टाळ्या वाजवू लागले. "तोच पोमरेल," देलव्हँकूर शेजाऱ्याला ओरडून सांगत होता, "सर्दीवाली बाई पुन्हा काढली."

तीन दिवसांनी नगरपालिकेचं पत्र आलं: कामात अक्षम्य हयगय केल्याबद्दल मादाम त्रिक्वार यांना ताकीद देण्यात येत आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिली ताकीद, आणि नोकरीचे उरले होते नऊ दिवस.

"चुकले तेव्हा सह्या मागायला आले," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण हातातला चमचा वाकला होता. "बरोबर लावलं तर ताकीद."

पोमरेल पत्र घेऊन नगरपालिकेत गेला. तिथला कारकून सज्जन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाटातून नोंदणीची प्रत काढली आणि बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. पहिलं, चौथं, तिसरं, दुसरं, पाचवं. अधिकृत क्रम हा. बाईंनी तो मोडला."

"पण तो चित्रपट माझा आहे."

"म्हणूनच तुम्ही अर्ज करू शकता. दिग्दर्शक म्हणून तुमचं मत नोंदणी-समिती विचारात घेईल."

समितीत तीन माणसं होती आणि अध्यक्ष देलव्हँकूर. पोमरेलने चार पानी अर्ज लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा जिन्याशिवाय कुणाशी तरी भांडला. उत्तर आलं की कलावंताला स्वतःच्या कृतीचं आकलन असतंच असं नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. शेवटी नगराध्यक्षांनी तोडगा काढला: ताकीद राहील, पण निरोपसमारंभात बाईंना घड्याळही मिळेल. बाईंनी घड्याळ घेतलं नाही. ताकीद मात्र चौकटीत लावून स्वयंपाकघरात टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची. "हे बरोबर काम केल्याचं प्रमाणपत्र," म्हणायची.

हिवाळा संपता संपता पोमरेलने पॅरिसची खोली सोडली आणि तो प्युईमार्तोला राहायला आला. एका दुपारी घेवडे सोलता सोलता त्याने तिला विचारलं, "मादाम, एक सांगा. सरळ लावल्यावर कसा आहे तो?"

तिने थोडा विचार केला. "सूप लांबलंय," ती म्हणाली. "साखरपुड्यातला जावई लाकडाचा ठोकळा आहे. अंत्ययात्रा चांगली आहे."

"अकरा मिनिटं आहे."

"माझ्या नवऱ्याची चाळीस मिनिटं चालली होती. अकरा काही फार नाहीत."

पोमरेलने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाला, की आता पुन्हा काही लिहावं म्हणतो. ती शेंगा बाजूला सारत म्हणाली, "लिहा की. पण एका रिळात मावेल असं लिहा. म्हणजे कुणालाच काही करता येणार नाही."

त्याने लिहिलं. ओला कागद दाबायला गिरणीत वापरतात त्या लोकरीच्या जुन्या पट्ट्यांपासून सपाता शिवणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी, बाकी काही नाही. वसंतात चित्रीकरण झालं, कॅमेरा पोमरेलने धरला, दिवा मादाम त्रिक्वारने. एतुआलच्या नव्या ऑपरेटरने ते अठरा मिनिटांचं रीळ महिनाभर दर मंगळवारी मुख्य खेळाआधी दाखवलं. वर्तमानपत्रात त्यावर एक ओळ आली नाही. त्या दोघी बहिणी मात्र चारही मंगळवारी येऊन पहिल्या रांगेत बसल्या, आणि शेवटच्या मंगळवारी धाकटीने पोमरेलला थांबवून सांगितलं की चित्रपटात मोठीच्या हातून एका सपातेची टाच उलटी शिवली गेली आहे, तेवढं कृपा करून काढून टाका. पोमरेलने शेजारी उभ्या असलेल्या फेर्नांद त्रिक्वारकडे पाहिलं. ती म्हणाली, "मुद्दाम नाही ना केलेली? तसंच राहू द्या," आणि कोट घालून घराकडे निघाली.